चार बाय चारचा मंगळ

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.
तालुका विज्ञान प्रदर्शन यंदा आपल्याच शाळेत, दर्यापुरात. तारीख १९. शिक्षक गटात मी. एकतीस वर्षांत माझं एकही मॉडेल तालुक्याच्या पुढे अमरावतीले गेलं नाही. जूनमध्ये रिटायरमेंट. म्हणजे हा शेवटचा चान्स. विषय ठरला: मंगळावरचा रोव्हर. सहा चाकं, माणसाशिवाय आपोआप चालणारा. आजपासून रोज दोन तास काम. चहा बंद.

२ डिसेंबर.
डोकं दुखलं. चहा चालू. काम उद्यापासून.

६ डिसेंबर.
जिब्रानच्या गॅरेजातून वायपरची जुनी मोटर आणली. जिब्रान म्हणे, सर, वायरिंग करून रिमोट लावून देतो, अर्ध्या तासाचं काम. त्याले सांगितलं, बाबा, हे संशोधन आहे, तू तुये पंक्चर काढ.

१० डिसेंबर.
वायरिंग जिब्राननं केलं. रिमोटही त्यानंच लावला. तेव्हा आपोआपचं जरा बाजूले ठेवू. डिझाइन मात्र पूर्ण माझं.

१२ डिसेंबर. रात्री ८.
चालला! देवघरापासून फ्रिजपर्यंत, न थांबता. बायकोनं विचारलं, मंगळावर फरशी हाय काय. सीमाले विज्ञानात गती नाही.

१५ डिसेंबर.
चार बाय चारचा ट्रे केला. वावरातली काळी माती, वरून चार किलो गेरू. हुबेहूब मंगळ. सीमा म्हणे मुरूम टाका, काळ्या मातीले जराशी ओल लागली की चाकं धरते. अवं, मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो अन् ही मले काळी माती शिकवून राहिली! सांगितलं, मंगळावर पाणीच नाही. कोरड्यात रोव्हर मस्त पळाला.

१८ डिसेंबर.
सगळं रेडी. ट्रे मंडपात नेऊन ठेवला. शाळेतल्या शिपाई इंदूबाईंना बजावलं, उद्या पाहुण्यांआधी माझ्या टेबलाकडे जास्त लक्ष द्या, धूळ उडाली नाही पाहिजे. अमरावतीसाठी कोट इस्त्रीले दिला.

१९ डिसेंबर. दुपारी ४.
इंदूबाईंनी सडा टाकला. गेटसमोर टाकला, पायऱ्यांवर टाकला, अन् मंगळावरही टाकला. तुमीच म्हटलं ना सर, धूळ नको, असं वरून मलेच ऐकवलं. कोपऱ्यात रांगोळीचं कमळही होतं. जगभरचे शास्त्रज्ञ तिथं पाणी शोधून दमले. या बाईनं एका बादलीत काम भागवलं.
रोव्हर चार इंच गेला. सहाही चाकांना मातीचे हे एवढाले गोळे. परीक्षक अकोल्याचे. मी एकदम शांत. मोजक्या शब्दांत तांत्रिक कारण सांगितलं. त्यांना पटलं. निकाल उद्या. चान्स आहे.

२० डिसेंबर.
अमरावतीले गोपाल सरांचं सोयाबीन वाळवायचं मॉडेल चाललं. मले सहभागाचं प्रमाणपत्र. पहिल्यापासून ठरलेलंच होतं सगळं. राजकारण.

२१ डिसेंबर, रविवार.
सीमाचा मोबाइल कॅमेरा म्हणून रोव्हरवर बांधला होता. त्यात परवाचं शूटिंग निघालं. सहा मिनिटं. आधी गरगर फिरणारं चाक. मग माझे गुडघे. मग माझं तोंड, गेरूनं माखलेलं.
मोजके शब्द काही सापडले नाहीत. साहेब, दोन मिनिटं थांबा, असं सात वेळा आहे. जरा वाळू द्या, साहेब. मले जूनमध्ये जायचं आहे, साहेब, पुन्हा येणं नाही. तिसऱ्यांदा साहेब म्हणतो तेव्हाच परीक्षकांचे बूट वळून निघून गेलेले दिसतात. पुढचं सगळं मी मातीलेच सांगून राहिलो होतो.
हे पाहताना मागं सीमा उभी होती, ते उशिरा समजलं. मुरमाचं काही बोलली असती तर बरं झालं असतं.
व्हिडिओ डिलीट कसा करतात ते मले येत नाही. तिलेच विचारावं लागलं.