वठलेल्या माडाचा भाव

मामंजी, आज सकाळी एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. पावसाळ्याआधी आवारातल्या झाडांच्या फांद्या छाटून घ्यायच्या आहेत म्हणाले आणि पुढच्याच श्वासात विचारलं, "मॅडम, तुमचा रेट झाडामागे की फुटामागे?" मी म्हटलं, येऊन बघते आणि मग सांगते. "अहो, अंदाजे तरी सांगा!" अंदाजेसुद्धा नाही, म्हटलं. फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. लग्नानंतर हाच प्रश्न विचारून विचारून मी तुमचं डोकं खाल्लं होतं आणि तुम्ही दर वेळी "बगून सांगतो" एवढंच म्हणायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून मला अर्धंच मिळालं. उरलेलं अर्धं विचारावं म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी तुम्हाला मामंजी म्हणायचे याची तुम्हाला भारी गंमत वाटायची. तुमच्याकडे सासऱ्याला बाबाच म्हणतात. माझं माहेर मूळचं साताऱ्याकडचं, वडील मुंबईत नोकरीला, राहायला वसई रोडच्या दोन खोल्यांत, आणि झाड म्हणजे गॅलरीतली तुळस एवढीच माझी ओळख. तिथून मी नायगावला तुमच्या खाडीकाठच्या घरात आले तर माडाच्या झावळ्या थेट स्वयंपाकघराच्या कौलांवर घासत होत्या. लग्नाआधीपासून मी वालीवच्या एका छोट्या कारखान्यात बिलं करायचे. तिथे खिळ्यापासून पत्र्यापर्यंत सगळ्याला ठरलेला दर. तो कारखाना बंद पडला आणि मी घरी बसले, तेव्हा तुमच्या धंद्याचा फोन तुम्ही माझ्या हवाली केलात. झाडं छाटण्या-तोडण्याचा धंदा म्हणजे काय, दोर, कोयते, दोन करवती, तुम्ही, तुमचा मुलगा आणि चढणारी तीन-चार माणसं. फोनवर लोक भाव विचारायचे आणि मला उत्तर देता यायचं नाही याचा मला राग यायचा. शेवटी मी हट्टाने तुमच्या स्कूटरच्या मागे बसून झाडं बघायला यायला लागले.

काय नवल असायचं एकेक! माणिकपूरला एका वाडीत एक चिंच आणि एक माड तोडायचा होता, परवानगीचा कागदही आलेला होता. तुम्ही मालकाला सांगितलंत, चिंचेचे पैसे नकोत, उलट मीच तुम्हाला थोडे देतो, माडाचे मात्र घेईन. मालक चक्रावला. चिंच दोघांच्या कवेत मावेना आणि माड हा एवढासा, हा कुठला हिशोब! परत येताना तुम्ही मला म्हणालात, "चिचेचं लाकूड बेकरीवाला भट्टीला दारातनं उचलतो. माड कोन नेनार? पेटवला तं नुसता धूर. तो आपल्यालाच वढत न्यायला लागनार." मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी आईंना दोनदा सांगितलं. मग मला नादच लागला. एकाच जातीचा गुलमोहर, तेवढाच उंच, पण मोकळ्या मैदानात एक भाव, विजेच्या तारेखाली दुसरा, आणि खाली विहीर असली की तिसराच. फांदी रस्त्यापर्यंत ओढायला गल्ली अरुंद असली की भाव वर. लाल मुंग्यांची घरटी दिसली की वर. मालक सारखा "जरा इकडून पण, जरा तिकडून पण" म्हणणारा निघाला तरीही वर, हे तर मला तुम्ही डोळा मिचकावून सांगितलं होतंत.

फक्त एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. झाडाखाली उभं राहून तुम्ही कधी भाव सांगायचा नाहीत. सगळं बघून झालं की मालकाकडे पाणी मागायचात, मला त्यांच्या ओटीवर बसवायचात आणि बरोबर आणलेल्या चढणाऱ्याला घेऊन फाटकापाशी विडी ओढायला जायचात. विडी संपली की परत येऊन आकडा सांगायचात, आणि मग त्यात घासाघीस नाही. असं का, म्हणून मी विचारलं तर म्हणालात, "झाडाखाली भाव सांगायचा नाय." आईंनी पुस्ती जोडली की झाडाला ऐकू जातं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, माणसाला विडीशिवाय आकडेमोड सुचत नाही, दुसरं काय! आणि मनातल्या मनात मी माझा स्वतःचा दर बांधत होते. उंचीचे इतके, तारेचे इतके, विहिरीचे इतके, लाकूड आपल्याला मिळालं तर इतके वजा. मला वाटायचं, एक दिवस मी तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवीन आणि तुम्ही चकित व्हाल.

तो दिवस आलाच. तुमची कंबर धरली होती, उठवत नव्हतं आणि वसई गावातून एका निवृत्त बँकवाल्या गृहस्थांचा फोन आला. वीज पडून वठलेला माड आहे, शेजाऱ्याच्या कौलारू घरावर कलला आहे, लवकर या. तुम्ही मला म्हणालात, "जा तू. जमलं तं सांगून पन ये." मी किती खूश झाले होते म्हणून सांगू! एकटीच रिक्षाने गेले. शेंडा केव्हाच गळून गेलेला, राखाडी खोड तेवढं उभं. माड बारीक, झावळ्या नाहीत, नारळ नाहीत, तार नाही, विहीर नाही. खाली घर आहे म्हणून मी थोडे वाढवले आणि तिथल्या तिथे, झाडाखालीच, आकडा सांगून टाकला. गृहस्थ लगेच हो म्हणाले. इतके लगेच, की मी जरा चपापले, पण आनंदात ते विसरूनही गेले.

घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवायला बसला होतात. दारात आपला सगळ्यात जुना चढणारा उद्याचं काम विचारायला आला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "चढनार कोन?"

"कोणीतरी चढेल की. आहेत ना आपली माणसं."

तुम्ही दाराकडे बघितलंत. तो म्हातारा सरळ म्हणाला, "वठलेल्या माडावर मी नाय चढत, दादा. आतनं कुठं कुजलाय काय कळत नाय. किती बी दे, नाय."

तेवढ्यात हात पुसत तुमचा मुलगा मागच्या दाराने आत आला. "मी चढतो ना."

"कितीला?" तुम्ही विचारलंत.

तो हसला. "घरच्या कामाला कितीला काय, बाबा?"

तुम्ही ताटातला भात तसाच ठेवून, कंबर धरत उठलात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं मी झाडं बघत होते. उंची, तार, विहीर, मुंग्या सगळं बघितलं. त्या माडावर कोण असेल हे एकदाही बघितलं नव्हतं, आणि ज्याला मी तिथे वर पाठवत होते तो माझा नवरा होता. मी म्हटलं, फोन करून नाही सांगते. तुम्ही म्हणालात, "शब्द दिलाय ना? मग काम होनार. कोन चढनार नाय, पन काम होनार."

पुढचे दोन दिवस वसई गावात जी करमणूक झाली ती अजून लोक सांगतात. तुम्ही इमारतींना रंग देणाऱ्यांची माणसं आणलीत आणि त्या एका बारक्या माडाभोवती खालपासून वरपर्यंत बांबूची परांची बांधलीत. गल्लीतली पोरं, बाया, सायकलवरून पाव विकणारा, सगळे उभे. कोणीतरी ओरडलं, "काय हो, माडाला ऑइलपेंट देताय का?" तुम्ही खुर्ची टाकून बसला होतात, म्हणालात, "हो, लग्न हाय त्याचं." तुमच्या मुलाने परांचीवर उभं राहून वरून एकेक तुकडा कापला आणि दोराने खाली सोडला. निम्म्याच्या खाली आल्यावर खोड आतून भुसाच निघालं, बोटाने उकरलं तरी गळत होतं. मी ते हातात घेऊन बघितलं. माझ्या आकड्यातलं सगळं बांबूवाल्यांना गेलं, वर तुमचेही गेले. त्याबद्दल तुम्ही मला ना तेव्हा बोललात, ना नंतर.

त्या दिवशी फाटकापाशी मात्र तुम्ही पहिल्यांदा मला बोलावलंत. विडी पेटवलीत आणि म्हणालात, "मी भाव कदी काडलाच नाय गो बाय. चढनारा इथं येऊन सांगतो, इतक्याला चढतो. त्याच्यावर मी दोराचे, टेम्पोचे मिळवतो. मालकासमोर त्याला बोलता येत नाय, म्हनून इथं."

"आणि घरचं माणूस चढणार असलं तर?"

तुम्ही परांचीकडे बघत राहिलात. "तो सांगतच नाय ना," म्हणालात.

मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. वालीवच्या एका कारखान्याच्या आवारातला तसाच वठलेला माड, आणि तुम्ही सांगितलेला असा काही आकडा की वॉचमनसुद्धा हसला होता. ते काम गेलं म्हणून मी घरी येऊन कुरकुर केली होती. त्या दिवशी तुमच्याबरोबर फाटकापाशी तुमचा मुलगा होता.

आता उरलेलं अर्धं. तुम्ही स्वतः चढायचात तेव्हा आकडा कोण सांगायचं? आईंना मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "ते? लोकं देतील तेवढे घ्यायचे. मीच एकदा बोलले, माझ्या कुंकवाला काय भाव हाय का नाय? तं हसले नुसते." तेव्हा काम बघायला जाणाऱ्या तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी कधी फाटकापाशी जाऊन वेडा आकडा सांगितला होता का, की तेही तुमच्यासारखे नंतर शिकले? आणि मुलासाठी सुचला तो आकडा स्वतःसाठी का सुचला नाही? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तुम्ही असतात तर मी तुमच्या स्कूटरच्या मागे बसून हेच विचारत राहिले असते.

आता आपल्याकडे पाळणा वर नेणारी गाडी भाड्याने मिळते, माणसाला उभ्या उभ्या वर नेते. मोठ्या रस्त्यावर, सोसायट्यांत ती छान चालते. गावातल्या गल्लीत शिरत नाही आणि वठलेले माड नेमके तिथेच असतात. तुमच्या मुलाचं पोट सुटलंय, केस पांढरे झालेत, पण कोणी न चढण्यासारखं झाड निघालं की हा आपला "मी चढतो ना" म्हणून दोर उचलतो. आकडा अजूनही सांगत नाही.

म्हणून गल्लीतल्या वठलेल्या माडाचा फोन आला की मी बघायलासुद्धा जात नाही. फोनवरच असा आकडा सांगते की समोरचा माणूस पुन्हा फोन करत नाही. तेवढ्या एका झाडाचा भाव मी न बघता सांगते, मामंजी. परवा जेवताना तो म्हणाला, "हल्ली वठलेल्या माडांचे फोनच येत नाहीत, नाही?" मी त्याला भात वाढला आणि म्हटलं, "नाही येत." तेव्हा हे कागद घरात ठेवता यायचे नाहीत. त्याच्या हाताला लागतील.