कायनेजाचं गाऱ्हाणं

चि. सुविधा हीस, चोपड्याहून बाबाजीकाकाचे भरपूर आशीर्वाद.

इथे आम्ही सुखरूप आहोत, शापोरा नदी जागेवर आहे आणि तुझ्या काकीची माझ्यावरची नजरही. बेंगळुरात तुझी प्रकृती कशी आहे? खोलीतला गळका नळ दुरुस्त झाला का? (फोनवर बोललं की काकी ऐकते, म्हणून हे पत्र.)

कारण असं की तुझी काकी विसरायला लागली आहे. ती तसं म्हणत नाही, पण विसरणारं माणूस कधी म्हणतं? पुरावे देतो. गेल्या शुक्रवारी मी स्कूटर घेऊन म्हापशाला गेलो, लेपो मासळी आणि मिरच्या घेतल्या आणि बसने घरी आलो. आता स्कूटर बाजारात राहिली, याची आठवण तिने दारातच करून द्यायला नको? ती मासळी साफ करायला बसली. शेजारच्या गोकुळदासाने विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. चहातही हल्ली साखर दोनदा पडते. चहा मीच करतो, पण साखर घालून झाली हे सांगायचं काम तिचं, आणि नेमकं तेच ती विसरते.

मग गणेशचवथीला तू तुझ्या प्रयोगशाळेतलं सांगितलेलं आठवलं. (मला सगळं नीट आठवतं, हे ध्यानात घे.) मेंदूतल्या पेशी एकमेकींना हाक मारतात. हाक पोचली की कायनेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा इवलासा तुकडा चिकटवतं. तेवढ्याने ती कामाला लागतात, पेशींची आपसातली ओळख पक्की होते आणि आठवण धरून राहते. त्यातलं एक कायनेज तर स्वतःलाच तुकडा चिकटवून घेतं आणि हाक थांबल्यावरही जागं राहतं. तू हे नेवऱ्या तळता तळता सांगत होतीस आणि मला वाटलं, हे तर आमच्या देवळातलंच आहे. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवतो. पाकळी ती केवढीशी, पण उजवी पडली, देवीचा होकार आला, की अख्खा वाडा कामाला लागतो.

तेव्हा काकीला डॉक्टरांकडे न्यावं का, याचा देवीकडून प्रसाद, म्हणजे कौल, घ्यायला आम्ही सोमवारी देवळात गेलो. ती एका शब्दात तयार झाली, याचं मला नवल वाटलं. सदाशिव गुरवाने पाकळ्या लावून गाऱ्हाणं सुरू केलं. मी म्हटलं, त्यात कायनेजाचंही नाव घे. तो थांबला. "हो खंयचो? आमच्या बारा-पाचाच्या देवांत ह्या नावाचो कोण नाय." मी सांगितलं, देव नव्हे रे, माझ्या बायकोच्या, पद्मावतीच्या डोक्यातला गडी आहे, हल्ली कामावर येत नाही. सदाशिव मोठ्या मनाचा. त्याने हात जोडले. "तर महाराजा, हो जो कोण कायनेज आसा, तो रुसलो आसलो, वाट चुकलो आसलो, तर तेका फिरून कामाक लाव." मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने तुझ्या काकीने, डोळे पुसत. हसून पाणी आलं असावं.

पाकळी उजवी पडली. परतताना तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. लोक बघत होते. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली, सुविधा. बाकी सगळं विसरली तरी चालेल. मला विसरली तर मी भांडू कोणाशी?

असो. तुझ्या प्रयोगातल्या पेशींनाही माझे आशीर्वाद सांग.

तुझा
बाबाजीकाका

ता. क. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तू ये. तिला एकट्याने न्यायचा मला धीर होत नाही. आणि हो, खोलीतला नळ दुरुस्त झाला का तेही कळव.

आणखी एक ता. क., काकीच्या हातचा. सुविधा, पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी. स्कूटरचं मला दारातच कळलं होतं. बोलले असते तर हे घाबरले असते. देवीला मी मनात विचारलं ते ह्यांच्यासाठी, आणि डॉक्टरांकडे नावही ह्यांचंच घातलं आहे. मला नेताहेत असंच त्यांना वाटू दे. तू ये आणि डॉक्टरांना आधी एकटी भेटून सांग. हाक थांबल्यावरही जागा राहतो तो तुझा कायनेज मला चांगला कळला. चहा फार गोड होतो. मी पिते.