चौथा ठोका

सोमवार, ३
आलो एकदाचा! ऑफिसने राहायला पत्र्याचा कंटेनर दिलाय. एक खाट, एक टेबल, एक दार. खिडकीची हौस कुणाला नसावी. बायकोला फोनवर सांगितलं, महालात उतरलोय. ती म्हणाली, महालात वेळेवर जेवा म्हणजे झालं.
काम फार नाही. जमीन सपाट झालीय, रस्त्याची खडी पडलीय. रस्त्याखालून पाण्याची लाइन जातेय, माणूस रांगत जाईल एवढी मोठी. ती संपली की मी सुटलो. वीसला लेकीचा वाढदिवस आहे. नक्की येतो, असं तिला कबूल करून बसलोय.

गुरुवार, ६
इथे कुणी कुणाशी बोलत नाही. संध्याकाळी माझाच आवाज ऐकायला मी प्रगती अहवाल मोठ्याने वाचतो. फिटरमामा तेवढे चार शब्द बोलतात. पाइपात शिरून आतून सांधे भरणारा गडी तर तेही नाही. सिमेंटच्या धुळीने त्याचा आवाज कायमचा बसलाय, म्हणून सगळे त्याला मुका म्हणतात.
मामांनी इथली पद्धत शिकवली. झाकण लावण्याआधी पाइपवर दोन ठोके द्यायचे. पलीकडच्या टोकाहून तीन आले, म्हणजे लाइन मोकळी. आत कुणी असेल तर त्याने तीनवर थांबायचं नाही, ठोकत राहायचं. मला गंमत वाटली. जेवताना टेबलावर ठोकून पाहिलं.

सोमवार, १०
दोन दिले, तीन आले. झाकण बसवलं, बोल्ट आवळले, पाणी सोडलं. अहवालात ऐटीत लिहिलं: लाइन पूर्ण.

मंगळवार, ११
मामांना शाबासकी द्यायला गेलो, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, साहेब, काल मी त्या टोकाला नव्हतोच, डंपर रुतला होता तिकडे होतो.
मुका कालपासून दिसलेला नाही. मामा म्हणाले, गेला असेल गावी, तो कुठे सांगून जातो.
मी तीन मोजले आणि लगेच पाना उचलला. चौथा ऐकायला थांबलोच नाही.
लाइन उघडायची तर दहा दिवस तरी जातात. वीस तारीख हुकते. मामांना म्हटलं, हो, गावीच गेला असेल.

गुरुवार, १३
माणसं पुढच्या साइटवर गेली. पाण्याचा दाब बघायला मी एकटा. दुपारी सहाशे मीटरच्या खुणेपाशी लाइनमधून ठोके आले. तीन. मग चौथा. पाचवा. पाण्याने गच्च भरलेल्या लाइनमधून.

शनिवार, १५
ठोके आज तीनशेच्या खुणेवर. रोज दीडशे मीटर, आमच्या कामापेक्षा प्रगती बरी.
घसा बसलाय. घरी फोन केला. लेकीने विचारलं, कोण बोलतंय?
फोन ठेवून रडलो.

सोमवार, १७
शून्याची खूण कंटेनरखालीच आहे. जमिनीतून ठोके, थेट खाटेखाली.
ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला, सगळं सांगायला. तोंड उघडलं. आवाजच नाही. ते हॅलो हॅलो करून—
तेव्हाच बोलायला हवं होतं. आवाज होता तेव्हा.

मंगळवार, १८
ताप. मामांना चिठ्ठी पाठवली होती, सकाळच्या गाडीने निघतो. उठताच आलं नाही. गाडी गेली. सगळे समजत असतील मी घरी—
ठोके थांबलेत. खाटेखाली ओल आलीय.

बुधवार, १९
बाहेर क्रेन. कंटेनर हलवणार. कुणीतरी बाहेरून दाराची कडी घातली.
मग पत्र्यावर दोन ठोके. मामाच.
ओरडतोय. नुसती हवा—
भिंत ठोकली. एक. दोन. तीन. चौथ्याला मनगट धरलं कुणीतरी. आतून. ओला, गार हात, सिमेंटने खरखरीत.
मामा कुणालातरी म्हणाले, मोकळा आहे, उचला.
उजवा सोडत नाही. डाव्या हाताने लिहि—