सांगाड्यांना काय दिसतं

रविवार, ३ मे

ती. दादास,

आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच करणार होते. पण मी तुझ्याशी बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात आणि मग "हल्ली कुठल्या मार्गावर गाडी चालवतोय विचार" एवढ्यावरच बोलणं संपतं. म्हणून पत्र.

काम असं आहे की खेळात भांडण झालंय आणि न्याय तुला करायचाय. तू गेल्यापासून रविवारी दुपारी गोष्ट मीच सांगते. खेळणारे तेच तिघं, आपापलं पात्र घेऊन. आत्याचा हातोडेवाला योद्धा, शेजारच्या शिंपीकाकांचा मांत्रिक आणि बाबांचा चोर. आज योद्धा एका थडग्याखालच्या तळघरात कोंडला गेला. "दार ढकलू नको" असं बाकी दोघांनी सांगितलं, तरी आत्याने ढकललंच. त्याला सोडवायला बाबांचा चोर एकटा खाली उतरला, काकांच्या मंत्राने गायब होऊन. खाली भिंतीला लागून सांगाडे उभे. मेलेले, पण पहाऱ्यावर.

मी म्हटलं, "फासा टाका बाबा. बघू सांगाड्यांना कळतं का."

"फासा कशाला?" शिंपीकाका उसळले. "गायब म्हणजे गायब. माझा मंत्र म्हणजे काय चेष्टा आहे?"

"अहो, पण सांगाड्याला डोळे असतात का?" आत्या म्हणाली. "नुसत्या खोबण्या. ज्याला डोळेच नाहीत त्याच्यापुढे गायब होऊन काय दिवे लावणार? तो ज्या कशाने बघतो त्याने बघणारच!"

"म्हणजे चोर मरणार आणि तुमचा योद्धा आतच राहणार."

"राहू दे. कुजेल तिकडे. पण अक्कल गहाण टाकून खेळणार नाही मी."

मी खेळाच्या नियमांचं पुस्तक उघडलं. गायब झालेला माणूस नजरेला दिसत नाही, एवढंच त्यात आहे. मुडद्यांची नजर कशाची असते त्यावर अवाक्षर नाही.

बाबा तोवर गप्प होते. क्रेनच्या केबिनमध्ये एकट्याने जन्म काढलेला माणूस, तुला माहीतच आहे. ते एकदम म्हणाले, "त्यांना समोरचं दिसतं. कडेचं दिसत नाही."

"हे कुठे लिहिलंय?" काका म्हणाले.

"लिहायला कशाला हवं? आणि कडेला अंधार असतो असं समजू नका. अंधार असता तर लक्षात आलं असतं. तिथे भिंत असली की भिंतच दिसते, भिंतीपुढे माणूस उभा असला तरी. सांगाड्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. कोणी हललं, फरशी वाजली, तर तो मान वळवतो. नाहीतर नाही. माझा चोर कडेकडेने जाईल आणि शंका आली की स्थिर उभा राहील. बस्स."

"जसा काही थडग्यातच नोकरीला होतास!" आत्या म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. मग बाबांनी फासा टाकला. तो घरंगळत त्यांच्या डाव्या हाताला गेला आणि बाबा टेबल चाचपत राहिले. फासा लाल आहे आणि टेबल पांढरं. शेवटी आत्याने उचलून त्यांच्या हातात दिला. कितीचं दान पडलं होतं ते कोणी बघितलंच नाही, म्हणून गोष्ट तिथेच थांबवली.

तर न्याय काय ते कळव. बाकी विशेष काही नाही.

तुझी,
चिमी


गुरुवार, १४ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "गायब म्हणजे गायब. आत्याला म्हणावं जास्त डोकं चालवू नको." तिला वाचून दाखवलं. तुझ्या नावाने बोटं मोडतेय.

"बाकी विशेष काही नाही" असं मी लिहिलं होतं ना, ते खरं नव्हतं.

सोमवारी बाबा कामावरून यायच्या वेळेला मी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला उभी राहिले. मुद्दाम. हलले नाही. बाबा आत आले, माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून पाणी प्यायले, ग्लास विसळून पालथा घातला. मग हाक मारली, "चिमे, आहेस का गं घरात?" मला ओ देता आली नाही. ते बाहेरच्या खोलीत गेले तशी मी मागच्या दाराने निघाले, पुढच्या दाराने आले आणि म्हटलं, "हे काय, आत्ताच येतेय."

काल डबा द्यायचं निमित्त करून बाबांच्या यार्डात गेले. बाबांची क्रेन लोखंडी पायपांचा जुडगा उचलून हळूहळू वळत होती. वाटेच्या कडेला एक वेल्डर उकिडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. जुडगा त्याच्याकडे येत होता, खाली येत होता. मी ओरडले. त्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. खालून इशारे देणारा माणूस वॉकीटॉकीत जीव खाऊन किंचाळला, "थांब! थांब! थांब!"

थांबली. पायपांची टोकं वेल्डरच्या डोक्यावर झुलत होती. तो अजून नाडीच बांधत होता.

बाबा खाली उतरले आणि म्हणाले, "वारा आला एकदम." दादा, झाडाचं पान हलत नव्हतं.

कामावरच्या तपासणीत ते दर वर्षी पास होतात. तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतात. वाचणारच. ती समोर असतात.

काय करू ते तुला विचारणार होते. पण तुझं उत्तर येईपर्यंत ते रोज त्या शिडीवर चढतील. मी आज संध्याकाळीच बोलते.

चिमी


मंगळवार, २६ मे

प्रिय दादा,

त्या संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं, "बाबा, सोमवारी मी स्वयंपाकघरात उभी होते."

"माहीत आहे मला."

"मग हाक का मारलीत?"

त्यांचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून म्हणाले, "बापाची परीक्षा घेतेस?"

"हो."

"माझ्या हातून आजवर कोणाला खरचटलेलंसुद्धा नाही."

"काल खरचटलं नसतं बाबा. चिरडलं असतं."

ताट सरकवून उठले. "मी उद्या कामावर जाणार. तुला काय करायचं ते कर."

शुक्रवारी सकाळी त्यांनी बूट घातले, तसे मीही घातले. फाटकातून ते क्रेनकडे वळले आणि मी मुकादमाच्या खोलीत गेले. त्याने बसायला खुर्ची दिली. कसं सांगतात रे असलं? काचेतून बाबा दिसत होते. एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर, हात कठड्यावर. तसेच उभे. चढतही नव्हते.

"आज त्यांना वर जाऊ देऊ नका," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

तेवढ्यात दार उघडलं. बाबा आत आले होते. "तिला कशाला विचारता? मला विचारा," ते म्हणाले. "मला कडेचं दिसत नाही. केव्हापासून ते विचारू नका." हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले.

डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितलाय. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने गुपचूप नजर खात येतो. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल. चालताना मुद्दाम मान वळवून दोन्ही बाजू बघायची सवय करा, असंही त्यांनी बजावलं. थेंब मी घालते. बाबा मान मागे टाकतात, डोळे उघडतात, पण तोंड उघडत नाहीत.

परवाच्या रविवारी आत्याने जबरदस्तीने खेळ मांडला. बाबा येऊन बसले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "निकाल काय लागला?"

"दादा म्हणतो गायब म्हणजे गायब."

"दादाला काय कळतंय. सांगाड्यांना कोणी मान वळवायला शिकवलं असेल तर?" आणि फासा टाकला. वाईट पडला. दोन सांगाड्यांनी मान वळवली आणि चोर सापडला. शिंपीकाकांनी कपाळावर हात मारला. बाबा मात्र फाशाकडे बघत खुशाल हसले.

हे सगळं आत्याने तुला फोनवर सांगितलंच असेल. तिने जे सांगितलं नसेल, कारण तिला माहीत नाही, ते असं. निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला? हा आजार घराण्यात उतरू शकतो." मी त्याच दिवशी तपासून घेतलं. माझे डोळे स्वच्छ निघाले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आता राहिलास तू.

मागच्या खेपेला आलास तेव्हा तुझं पिल्लू तुझ्या डाव्या बाजूला उभं होतं, उचलून घे म्हणून दोन्ही हात वर करून. तू वळलास, तुझा गुडघा लागला आणि ते तोंडावर पडलं. "अरे, हा इथे कधी आला?" म्हणालास. झोप झाली नाही, रात्रभर गाडी चालवलीय, असं तूच म्हणालास आणि वहिनीने आणि मी ते मानलं. आता मला मानता येत नाही. तेव्हापासूनचं सगळं आठवत बसते. कदाचित खरंच झोपच असेल. तसं निघालं तर मला वेडी म्हण, हवं तितकं हस.

तू म्हणशील, मला सगळं दिसतं. बाबाही तेच म्हणत होते.

तुझ्या मागे गाडीभर माणसं झोपलेली असतात, दादा. या आठवड्यात रजा टाक. तक्त्यावरची अक्षरं वाचून परत येऊ नकोस. डोळ्यातला दाब मोजायला सांग, कडेची नजर तपासायला सांग. वेळेत कळलं तर थांबवता येतं, बाबांच्या वेळी आपल्याला तेवढं जमलं नाही. वहिनीलाही मी वेगळं पत्र टाकलंय. रागाव माझ्यावर. मला सोसेल.

तोवर गाडीला हात लावू नकोस. लावलास तर तुझ्या डेपोत येऊन साहेबासमोर बसेन, आणि मी नुसतं बोलत नाही हे आता तुला कळलंय.

तू हवा आहेस म्हणून एवढं लिहिणारी तुझी बहीण,
चिमी