सुलतानच्या लेकाचा खुबा

मखमलाबाद, नाशिक

ती. दाजी,

नवनाथचा साष्टांग नमस्कार. देवळ्याला कांद्याची गडबड चालू असेल, तरी तब्येतीला जपावे. ज्योत्स्नाताईची पाठ आता कशी आहे? इकडे सर्व खुशाल, आपण दिलेल्या कुत्र्याचा, म्हणजे सरदारचा, मागचा डावा पाय तेवढा वगळून. (फोन तीनदा लावला. आपण "बोला साहेब" म्हणालात की माझी बोबडी वळते, म्हणून पत्र.) एक विनंती आधीच करतो, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जीप काढू नये. आपण दिलेला मिक्सर बिघडला तेव्हा आपण दुसऱ्याच दिवशी नवा आणून जुना घेऊन गेलात. सरदार मिक्सर नव्हे.

आपल्या सुलतानचं हे पिल्लू आपण आमच्या वास्तुशांतीला दिलंत आणि तीनशे माणसांत सांगितलंत, याचं खानदान अस्सल आहे. दहा महिन्यांचा झाला आणि सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पळायला लागला. आई (म्हणजे आपल्या सासूबाई) म्हणाली, खेळतोय. मग बसला की उठेना. मी म्हटलं, याच्या खुब्यात काहीतरी आहे. त्यावर आईने जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच, की जावयाने दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टर मंजुषाबाईंकडे नेलं. त्या एक्स-रे काढून कुत्र्यांच्या खुब्यांचाच अभ्यास करतात. कुत्र्याला उताणं पाडायचं, मागचे पाय सरळ ताणायचे, गुडघे आत वळवायचे, तरच सांधा नीट दिसतो. शुद्धीवरचं कुत्रं एवढा अपमान सहन करत नाही, म्हणून गुंगीचं इंजेक्शन, आणि त्यासाठी पोट रिकामं हवं. मी आदल्या संध्याकाळपासून त्याचं ताट लपवलं. टेबलावर घेणार तोच बाईंना त्याच्या मिशांवर दही दिसलं. आईने निघताना त्याला दहीसाखर चाटवली होती! महत्त्वाच्या कामाला कोणाला कोरड्या तोंडाने पाठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत आपण जाणताच. (आपणही लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा चाटलं होतं.) आलो हात हलवत. गुरुवारी पुन्हा गेलो. या वेळी आईने देवाची शपथ घेतली होती आणि ती पाळलीही, फक्त वाटी शेजारच्या रंगूबाईंच्या हातात दिली होती. दाजी, त्या दिवशी मी भर रस्त्यात ओरडलो, आणि कुत्र्यावर नाही. तिसऱ्या खेपेला आईलाच भाजीच्या पिकअपमध्ये पुढे बसवून नेलं आणि रंगूबाईंना आम्ही कुठे निघालो ते सांगितलंच नाही.

तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. बाईंनी पडद्यावर दाखवलं. मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसायला हवा, तर याची डावी वाटी बशीसारखी उथळ, गोळा निम्माही आत नाही. गोळा आणि वाटीतला कोन मोजला, तोही कमी भरला. उजवी बाजू बरी आहे. हे बऱ्याचदा रक्तातूनच येतं, असं बाई म्हणाल्या. मला तिथे खानदान आठवलं. आई पडद्याजवळ गेली. "लेकरू एवढं सोसत होतं, अन् मी म्हणते खेळतंय," म्हणाली आणि रडायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. आता वजन आटोक्यात ठेवायचं, गुळगुळीत फरशीवर सोडायचं नाही, बेताचं चालवायचं, दुखण्यावर गोळ्या. ऑपरेशन लागेल की नाही ते पुढच्या एक्स-रेत कळेल.

आपला,
नवनाथ

ता. क. दिवाळीनंतर सुलतानची पुन्हा मेटिंग लावणार असं ताई बोलली. त्याआधी त्याचा असाच एक्स-रे काढावा, आणि खुबा खराब निघाला तर पिल्लं होऊ देऊ नयेत, ही हात जोडून विनंती. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, बाकी सगळं पाल्हाळ.

ता. क. २. ताईला कुणकुण लागली आहे. तिने विचारलं, हे नेऊन दुसरं पिल्लू आणून देऊ का? आई म्हणाली, "सोळा वर्षांत जावई बदलून मागितला नाही, कुत्रं कशाला मागू?" हे आपल्याला कळवू नकोस, असंही तिने सांगितलं आहे.