सातानं भाग जाईना

८ जाने. ८८, शुक्र.
शहागड स्टँडवर शैला भेटली. तिच्या कॉलेजच्या बसला वेळ होता. १७ तारखेला भोकरदनचे पाहुणे तिला बघायला येऊन राह्यलेत. म्हणालो, आत्ताच येतो तुझ्या आप्पांकडं, बघतो कोण पाहुणे. ती म्हणाली, "हेच तुझं. सरांशी भांडलास, कॉलेज सोडलंस. शेवटापर्यंत काय नेलंस तू?"
मंग तिनं गणित घातलं. १ ते ९, एकेक आकडा एकदाच. पहिले दोन घेतले तर दोननं भाग जावा, पहिले तीन घेतले तर तीननं, असं थेट नऊपर्यंत. अशी संख्या एकच आहे म्हणे. "एवढी शोध. मंग मी स्वतः आप्पांशी बोलते."
शाळेतल्या पोरासारखी परीक्षा. डोकं फिरलं. तरी करून राह्यलो.

१० जाने.
सलीमचाचांच्या पेंटरच्या दुकानात ट्रकच्या फाळक्यावर मोर रंगवता रंगवता तेच डोक्यात. पाचव्या जागी ५ च. दुसरी, चौथी, सहावी, आठवी सम. एवढं पक्कं.

११ जाने.
सापडली. १४७२५८९६३. तसाच ब्रश उचलला, स्टँडसमोरच्या भिंतीवर हातभर उंच लिहिली. बसच्या खिडकीतून दिसंल तिला.

१२ जाने.
फजिती. सकाळपासून भिंतीपुढं गर्दी. लोकांना वाटलं मटक्याचा आकडा. ओपन कोणता, क्लोज कोणता. एक म्हातारा तर पायाच पडाय लागला. चाचा: "बाबा बन गया रे तू तो. हमारा कब लगेगा?"
संध्याकाळी शैला बसमधून उतरली. माझ्याकडं न बघता, "सातावर तपास."
१४७२५८९ भागिले ७. बाकी ६. इतर सगळीकडं भाग जातो, सातावरच न्हाई. तिथं तपासलंच न्हवतं. डबाभर काळा रंग फेकला भिंतीवर. रंग चाचांचा. त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत न्हाई.

१५ जाने., शुक्र.
३८१६५४७२९. एकेक पायरी दोनदा करून बघितली. ३८१६५४७ ला सातानं भागलं, ५४५२२१. बाकी शून्य. बघतच बसलो. कोणतेही दोन आकडे अदलाबदल करा, कुठंतरी मोडतंच. कुणी बनवली न्हाई ही संख्या, ती आधीपासून होतीच…
काळ्यावर पांढऱ्यानं लिहिली. मटकेवाले तापले, "परवा दुसराच दिल्ता की!"
शैला थांबली, संख्या वाचली. "बराबर आहे." मंग खाली बघून, "पण आप्पांना काय सांगू रे? आकडा सापडला म्हणून?"


१७ जाने., रवि.
मीच गेलो. पाहुण्यांच्या आधी. आप्पा ओसरीत. काय बोललो ते धड आठवत न्हाई. शैलाचं नाव घेतलं एवढं खरं. आप्पा म्हणाले, "बस. आधी सांग, कॉलेज का सोडलं?"
सांगायला लागलो अन् दारात जीप. उठलो. आप्पा: "बस की. चहा होतोय."
भोकरदनच्या मुलाशेजारच्या खुर्चीत बसलो. त्यानं मला चुलतभाऊ समजून उसाचं विचारलं. शैलानं ट्रे आणला, सगळ्यांना दिला, मलापण. बशीत सांडला तो माझ्याच हातून.
पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. आप्पा त्यांना जीपपर्यंत सोडून आले, बसले. "हं. मंग? सरांचं काय?"
सगळं सांगितलं. आवाज चढू दिला न्हाई. त्यांनी ऐकून घेतलं. हो म्हणाले न्हाईत. न्हाई पण म्हणाले न्हाईत. निघालो तर म्हणाले, "अंधार पडलाय. सायकल हळू चालव."