पाऊण तासाचा वाटा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, चर्चच्या ऑर्गनला हवा पुरवण्यासाठी भाता मारणारा निवृत्त माणूस, हे मृत्युपत्र राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असते तर बरेच झाले असते. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. पत्नी माझ्यामागे राहील असेच धरून चाललो होतो.

१. दोन खोल्या व स्वयंपाकघर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावी. ती नऊ वर्षांत इकडे फिरकलेली नाही. विकायचे तर खुशाल विकावे. बँकेत आहे त्यातून माझे दफन व्हावे. उरेल ते तिचेच.

२. भात्याच्या डागडुजीचा माझा टोचा, चामडे कापायची सुरी आणि सरसाचे भांडे खालच्या मजल्यावरच्या शिंप्यास द्यावे. तो रोज संध्याकाळी दार वाजवून "आहात ना, काका?" असे विचारतो. मी "आहे रे" म्हणतो. बऱ्याच दिवशी माझे एकूण बोलणे तेवढेच होते.

३. भिंतीवरचे घड्याळ चर्चच्या समितीस परत करावे. सदतीस वर्षे मी ऑर्गनमागच्या फटीत उभा राहून भाता मारला. लोकांना पुढे बसून वाजवणाऱ्या बाई दिसत. मी दिसे तो फक्त माझ्या पत्नीला, कारण ती मुद्दाम कडेच्या बाकावर बसे. मग समितीने विजेची मोटर आणली आणि मला घड्याळ दिले. ते पहिल्या दिवसापासून मागे पडते.

४. हे कलम वाचून वकील म्हणाले, "ही मिळकत नव्हे." मी म्हणालो, "माझ्याकडे याहून मोठी नाही. राहू द्या."

मुली, हे तुला उद्देशून आहे. तुझी आई अकरा दिवस श्वासाच्या मशीनवर होती. ती आता उठणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले. तू म्हणालीस, "बाबा, देवानं फुंकलेला श्वास आहे तो. आपण कोण बंद करणार?" मी म्हणालो, "देवाचा कसला, पोरी? हा भाता आहे. मी ओळखतो." तू म्हणालीस, "पाळकसाहेबांना घेऊन येते. तोवर काही करू नका." मी हो म्हणालो, आणि तू जिना उतरताच मशीन काढायच्या कागदावर सही केली. तू समोर असतीस तर माझा हात धजला नसता.

"लगेच गेली," असे मी तुला सांगितले. ते खोटे होते. मशीन काढल्यावर ती पाऊण तास स्वतः श्वास घेत होती. फोन माझ्या खिशात होता. केला असता तर तू पोचली असतीस. तो पाऊण तास तुझाही होता. मी एकट्याने घेतला. तुझा वाटा आता देतो.

मशीनचा श्वास मोजूनमापून येई. हा येईल तेव्हा येई. एक लांब, मग दोन आखूड, मग बराच वेळ काही नाही. झोपेत ती बारीक शिटी वाजवायची ना, तसाच आवाज होता. कपाळावरची आठी गेली होती. मी तिच्या नाकापुढे तळहात धरला. ऊन श्वास लागत होता. हवा काय, मी जन्मभर ढकलली. ती कोणीही ढकलेल. हा कोणी न ढकलता येत होता. देवाने मातीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, हे मी फटीत उभा राहून कितीदा तरी ऐकले होते. कळले ते त्या खाटेपाशी. तू चुकली नव्हतीस. फक्त मशीन चालू होते तोवर तो मला ऐकू येत नव्हता.

शेवटचा सुटला आणि मी पुढच्याची वाट पाहत बसलो. नर्सने खांद्यावर हात ठेवला तरी पाहत होतो. मग तू धापा टाकत आलीस. "मी येईपर्यंत तरी थांबायचं होतं, बाबा." त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

५. मीही कधी तशा मशीनवर गेलो, तर निर्णय मुलीने घ्यावा. हेही मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून याची एक प्रत आजच तिला टपालाने पाठवत आहे. चालू ठेवले तरी माझी हरकत नाही, बंद केले तरी नाही. कोणी तिला बोल लावू नये. तिने स्वतःही लावून घेऊ नये. बंद केल्यास खुर्ची जवळ ओढून बसावे. कदाचित थोडा वेळ मिळेल. ती आली नाही, तर शिंप्याने बसावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खाली दिलेल्या दोघांसमक्ष सही केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. गल्लीतील औषधदुकानदार (सही) २. वकिलांच्या कचेरीतील टंकलेखिका (सही)

शिंप्यास हत्यारे दिल्याने त्याची साक्ष चालत नाही. तो नुसता सोबत उभा होता.

स्थळ: राहते घर, वरचा मजला. दिनांक: ९ मार्च, सकाळी.